स्टेल्थ विमाने सारखी का दिसतात?

लोहगावच्या तळावर १९९७ साली सुखोई-३० विमाने आली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मुलांना लढाऊ विमानाचा आवाज काही नवा नाही. २०२५ साली बंगळूरच्या एरो इंडिया प्रदर्शनात भारताच्या नियोजित ‘ॲम्का’ विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती मांडली गेली. ती पाहून अमेरिकेचे एफ-२२ आठवावे यात नवल नाही. रशियाचे सुखोई-५७, तुर्कस्तानचे ‘कान’ यांचीही तीच गत. असे का, या प्रश्नाला वर्गात दोन उत्तरे मिळतात. एक, ‘नक्कल केली.’ दुसरे जरा विद्वत्तेचे, ‘भौतिकशास्त्र सगळीकडे एकच.’ दोन्ही अपुरी आहेत. दुसरे अधिक फसवे, कारण ते शास्त्रीय वाटते.

त्यातले खरे आधी पाहू. गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागचा लाल रिफ्लेक्टर चमकतो. त्यात परस्परांशी काटकोन करणाऱ्या बारीक पृष्ठभागांचे कोपरे असतात; प्रकाश ज्या दिशेने येतो, त्याच दिशेने परत जातो. रडारलहरींचेही तसेच. सुखोई-३०च्या शेपटाचे उभे आणि आडवे पंख काटकोनात असतात, म्हणजे तो एक रिफ्लेक्टरच झाला! स्टेल्थ विमानाला नेमके हेच टाळायचे असते. म्हणून उभे पंख तिरपे करतात. पंखांच्या आणि शेपटाच्या कडा समांतर ठेवतात, म्हणजे परावर्तन मोजक्याच दिशांना जाते. शस्त्रे पोटात ठेवतात. इंजिनाकडे जाणारी हवेची वाट वळणाची करतात, म्हणजे समोरून पाती दिसत नाहीत. दोन आरसे टेबलावर काटकोनात उभे करून, मग कोन बदलून, टॉर्चच्या झोताने हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते.

पण नियम एक म्हणून आकारही एकच, हे कोठून आले? १९८१ साली उडालेले एफ-११७ सपाट पैलूंचे होते, कारण ते आखताना वापरलेल्या संगणक-प्रोग्रामला वक्र पृष्ठभागांचे गणित झेपत नव्हते. वायएफ-२३ला आडवे शेपूट नव्हतेच, नुसते दोन तिरपे पंख. तेही रडारपासून लपणारेच विमान. तरी १९९१ मध्ये अमेरिकी हवाईदलाने त्याचा प्रतिस्पर्धी वायएफ-२२ निवडला आणि त्यातून एफ-२२ झाले. चीनच्या जे-२०ला आडव्या शेपटाऐवजी पुढच्या बाजूला छोटे पंख आहेत. म्हणजे काय चालणार नाही, एवढेच नियम सांगतो. बाकीचे वेग, चपळाई, खर्च आणि आधी कोणाचे काय जमले यांवर ठरते.

नक्कलीची शंकाही अगदीच निराधार नाही. एफ-२२ आणि एफ-३५ यांची माहिती ज्यात चोरली गेली, त्या कटातील सहभाग सू बिन या चिनी व्यावसायिकाने २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केला. गंमत अशी, की अमेरिकी अभियंत्यांनी ज्या सिद्धांताचा आधार घेतला, तो प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ साली मॉस्कोत पुस्तकरूपाने उघडपणे छापला होता.

तेव्हा ‘का सारखी दिसतात’ याऐवजी ‘यांतले काय सारखे असायलाच हवे आणि काय नाही’ असे विचारावे, आणि ते विचारताना वायएफ-२३चे चित्र शेजारी ठेवावे.