अपादानाचा पूर्व जिना

शिराजपासून साठेक किलोमीटरवर तख्त-ए-जमशीद, म्हणजे पर्सेपोलिस. इ.स.पू. 518च्या सुमारास पर्शियन सम्राट पहिल्या दारियसने इथलं बांधकाम सुरू केलं, इ.स.पू. 330मध्ये अलेक्झांडरच्या मुक्कामात ते जळालं. इथे येणाऱ्याची नजर आधी वर जाते. अपादाना या सभागृहाच्या 72 खांबांपैकी 13 अजून उभे आहेत. पण इथला खरा ठेवा खाली, पूर्वेकडच्या जिन्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. तो शतकानुशतकं ढिगाऱ्याखाली गाडलेला होता, म्हणूनच दाढीचा कुरळा केस न् केस शाबूत राहिला.

साम्राज्यातल्या 23 जनसमूहांची माणसं नजराणे घेऊन निघाली आहेत. दोन गटांच्या मध्ये एकेक सायप्रस. प्रत्येक गटाच्या म्होरक्याचा हात दरबारी मानकऱ्याने धरलेला आहे. हा धरलेला हात पाहत थांबावं. त्यात ओढ नाही, जबरदस्ती नाही. पाहुण्याला आत नेताना धरावा तसा तो धरला आहे. असिरियन राजांच्या शिल्पांत साखळदंडातले कैदी आणि कापलेली मुंडकी दिसतात. इथे एकही मान झुकलेली नाही. ही राजाने रंगवून घेतलेली आपली प्रतिमा आहे, हे खरंच. तरी सत्तेला स्वतःचं असं चित्र काढावंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं.

सिंधूकाठची माणसं उघड्या अंगाने, कमरेला वस्त्र गुंडाळून आली आहेत. एकाच्या खांद्यावर चक्क कावड! तिच्या टोपल्यांत सोन्याची पूड असावी, असा अभ्यासकांचा कयास. सोबत एक गाढव. दुसऱ्या बाजूच्या सरदारांच्या रांगेला काही जण एकसुरी म्हणतात. मला ते पटत नाही. कुणी मागे वळून बोलतोय, कुणी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलाय, कुणाच्या हाती फूल आहे.

मात्र एलामी लोकांनी आणलेली सिंहीण या सौजन्याला तडा देते. तिची पिल्लं मागच्या माणसांनी उचलून घेतली आहेत आणि ती मान वळवून त्यांच्याकडे पाहते आहे. सगळ्या भिंतीवर स्वखुशीने न आलेली तीच एक दिसते, आणि शिल्पकाराने ते लपवलेलं नाही.

ही सगळी मिरवणूक ज्याच्याकडे निघाली, तो सिंहासनावरचा राजा मधल्या शिळेवर होता. ती शिळा त्या काळातच काढून खजिन्याच्या इमारतीत नेली गेली आणि तिच्या जागी पहारेकरी बसवले गेले. अपादानाच्या दोन जिन्यांवरच्या अशा दोन शिळांपैकी एक आज तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पर्सेपोलिस पाहिलेल्याने तीही पाहावीच.