नावाची किंमत

जून २०२५मध्ये प्रादाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, नाव दिलं फक्त ‘लेदर सँडल’. आपण चिडलो, मीम केले. टीकेनंतर कंपनीने भारतीय पादत्राणांची प्रेरणा मान्य केली. २०१९च्या जीआय मानांकनात कोल्हापूर, सांगली, सोलापूरसोबत आपला साताराही आहे. मलकापूरकरांचा राग हक्काचाच.

पण हायवेकडेला कोल्हापुरी घेताना आपण शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. ती कुणी बनवली, हे विचारत नाही. प्रादाने गावाचं नाव गाळलं. आपण कारागिराचं गाळत आलोय. लिडकॉमने आता जीआय जोड्यांना क्यूआर कोड दिलाय, त्यात कारागिराची माहिती मिळते. फोन खिशात आहेच. भाव पाडण्याआधी तो कोड स्कॅन करा.