दूरस्थ पाठांतून ‘विश्वसंगीत’ : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरबसल्या शिक्षण हा विषय सार्वत्रिक झाला. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. संगीताचे खासगी वर्गही पडद्यावर आले आणि देशोदेशींचे संगीत मुलांना घरीच शिकविता येईल, हा विचार बळावला. प्रस्तुत लेखात या विचाराची चिकित्सा पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांच्या संदर्भात केली आहे. ‘विश्व’, ‘घर’ आणि ‘दूरस्थ’ या तीन शब्दांचा तेथे कोणता अर्थ उरतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

‘विश्व’ कोणाचे?

‘वर्ल्ड म्युझिक’ ही संज्ञा १९६० च्या दशकात अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात अध्यापनाच्या निमित्ताने वापरात आली. १९८७ मध्ये लंडनमधील ध्वनिमुद्रिका व्यावसायिकांनी ती विक्रीच्या सोयीसाठी स्वीकारली. या दुसऱ्या अर्थाचे परिणाम एका उदाहरणातून स्पष्ट होतात. सॉलोमन बेटांवरील आफुनाक्वा या स्त्रीने गायिलेली अंगाई ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने ध्वनिमुद्रित केली होती. १९९२ मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच समूहाने ती आपल्या रचनेत वापरली. रचना जगभर गाजली. गाणारी अज्ञात राहिली. झेम्प यांनी पुढे या वापरास जाहीर आक्षेप घेतला. अशा ‘विश्वा’त जव्हारच्या मुलाला दोनच जागा मिळतात : एक ग्राहकाची आणि दुसरी नमुन्याची. त्याच्या अंगणातील वाद्य त्याच्याच पाठात नसते, आणि असलेच तर परक्याच्या कुतूहलाचा विषय म्हणून असते.

‘घर’ कोठे?

या परिसरात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या समाजांचे संगीत प्रसंगाशी बांधलेले आहे. भाताच्या हंगामात तारपा वाजतो, लग्नात धवलेरी गाते, घांगळीच्या साथीने कथा सांगितल्या जातात, आणि बोहाड्यात मुखवट्यांची सोंगे वाद्यांच्या तालावर नाचतात. मूल हे सर्व पाठ म्हणून शिकत नाही. ते फेरात हात धरून नाचते, मोठ्यांची चूक-बरोबर पाहते आणि हळूहळू वाद्याजवळ सरकते. येथे घर आणि पाडा यांत भिंत नाही. एकट्या मुलापुढे ठेवलेला पडदा ही भिंत उभी करतो.

दुसरी अडचण अधिक कठोर आहे. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई व अन्यत्र वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी स्थलांतर करतात. मुलेही बरोबर जातात. त्यांचे ‘घर’ वर्षातील काही महिने भट्टीवरची झोपडी असते. घरी स्वस्थ बसलेले मूल, अखंड वीज आणि पालकांचा मोकळा वेळ ही गृहीतके मान्य केल्याखेरीज दूरस्थ पाठाची आखणीच होत नाही.

‘दूरस्थ’ किती दूर?

तारप्यात सुकविलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यांतील जिभा, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविणारे मेण असते. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो; त्यामुळे नाद तुटत नाही. हे कौशल्य गुरूच्या गालांकडे पाहून व स्वतःच्या श्वासाशी झगडून येते. शिवाय वादक फेराच्या गतीशी सतत बोलत असतो. सहवादनात ध्वनी पोहोचण्यास सुमारे २५ ते ३० मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाला की ताल ढासळू लागतो. दृक्‌संभाषणातील विलंब सहसा याच्या कित्येक पट असतो. संभाषणासाठी रचलेल्या प्रणाली मानवी बोलणे ठेवून सलग नाद ‘गोंगाट’ म्हणून गाळतात. म्हणजे तारप्याचा अखंडपणा हाच त्याचा गुण यंत्राला दोष वाटतो. काही प्रणालींत हे गाळणे बंद करता येते. परंतु तसे करण्याची गरज आधी कोणाच्या तरी लक्षात यावी लागते.

तथापि अंतर हाच दोष मानणे योग्य नव्हे. १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी संगीतशिक्षण गुरुगृहाबाहेर आणले. स्वरलिपीने ते छापील पानावरही आले. त्यात काही निसटले, तरी संगीत अनेकांपर्यंत पोहोचले. म्हणून आक्षेप साधनावर नसून क्रमावर आहे.

निष्कर्ष

हा क्रम उलटा करणे शक्य आहे. पाड्यावरील वादकास मानधन देऊन शिक्षक म्हणून नेमावे आणि मुलाने प्रथम तारपा हाताळावा. मग पडद्यावर भोपळा व दोन नळ्या असलेली पुंगी पाहावी, नंतर सार्डिनियातील तीन नळ्यांचे लौनेद्दास ऐकावे. तेथील वादकही गालात हवा साठवूनच नाद अखंड ठेवतो, हे त्या मुलाला शहरी मुलापेक्षा लवकर कळेल. येथे ‘विश्व’ त्याच्या श्वासापासून सुरू होते. ध्वनिमुद्रण केल्यास वादकाचे नाव, त्याची संमती आणि गावाच्या शाळेत राहणारी प्रत या अटी सोडू नयेत.

जव्हार तालुक्यातील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा गौरव उचितच आहे. परंतु वाद्य पुढील पिढीच्या हाती सोपविण्याचे काम पुरस्कार करू शकत नाही. ते काम शाळांचे आणि परिसरातील महाविद्यालयांचे आहे, आणि वादकांच्या वयाचा विचार करता त्यासाठीचा अवधी थोडा आहे.