शेजारी कोण? शोमरोनी आणि आजारी भिक्खू

ज्या पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आज कोळगाव येथे आहे, त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस वसई-सोपारा परिसरात करुणेच्या दोन परंपरांच्या खुणा आढळतात. सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. त्याच भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ या अनुवादास २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तेव्हा ख्रिस्ती करुणेची चिकित्सा आपण परक्याची म्हणून नव्हे, शेजाऱ्याची म्हणून केली पाहिजे.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाचा दृष्टान्त या करुणेचा गाभा होय. यरुशलेमहून यरिहोस जाणाऱ्या वाटसरूला लुटारू अर्धमेला करून टाकतात. याजक आणि लेवी त्याला पाहून बाजूने निघून जातात. ज्याला यहुदी समाज हीन लेखीत असे, तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसे देतो. येथे तिरस्कृत मनुष्य दयेचा याचक नाही, तो दाता आहे. दृष्टान्ताचे खरे सामर्थ्य यात आहे.

परंतु भारतातील मिशनकार्यात ही भूमिका बहुधा उलटी झाली. अस्पृश्य हा नेहमी रस्त्यावरचा जखमी ठरला, शोमरोनी क्वचितच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांविषयीचे लेखन १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. धर्मांतरानंतरही जात टिकून राहिली आणि अन्यायाविरुद्ध संघर्ष उभा राहिला नाही, हा त्यांचा आक्षेप आहे. जखमा बांधल्या गेल्या. वाट मात्र लुटारूंचीच राहिली. मिशनच्या शाळा आणि रुग्णालये यांचे ऋण मान्य करूनही हा आक्षेप शिल्लक उरतो.

याच्या शेजारी विनयपिटकाच्या महावग्गातील कथा ठेवावी. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः स्नान घातले व मंचकावर निजविले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. भिक्खूंना शुश्रूषेसाठी मातापिता नाहीत, म्हणून त्यांनीच परस्परांची सेवा करावी, असे त्यांनी संघाला बजावले. उपाध्याय, आचार्य, शिष्य यांची जबाबदारी नेमून दिली. कोणीही नसल्यास ती संघावर टाकली आणि ती टाळणे दोष ठरविला. सेवकाला औषध तयार करता यावे, मलमूत्राची किळस वाटू नये, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी, अशी लक्षणेही सांगितली. शोमरोन्याची दया त्याच्या अंतःकरणावर अवलंबून होती; येथे शुश्रूषा हा रुग्णाचा हक्क झाला.

अर्थात हा नियम संघापुरता होता. त्याला समाजाकडे नेणारा दुवा सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात सापडतो. त्याचा एक खंड १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, सोपाऱ्यानजीक भुईगाव येथे मिळाला. आजारपणात, विवाहात लोक नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ अल्प असते. दास-सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम हेच धम्ममंगल होय, असा त्या शासनाचा आशय आहे.

यावरून आपणही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या विहारात वंदना होते, जयंती होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. परंतु वस्तीत अंथरुणाला खिळलेला मनुष्य, एकाकी वृद्धा, कारखान्यात हात गमावलेला कामगार यांच्याकडे आज कोणी जायचे, हे विहाराच्या फळ्यावर लिहिलेले असते काय? प्रज्ञेविना करुणा लुटारूंना विसरते, हे आपण ख्रिस्ती मिशनला सांगू शकतो. करुणेविना प्रज्ञा रुग्णाला विसरते, हे ऐकून घेण्याची तयारी आपलीही हवी. शोमरोन्याने आपल्याला जनावरावरून उतरायला शिकवावे. तथागतांनी त्या उतरण्याचा नियम करून ठेवला आहे. तो पाळणे हीच आपली कसोटी होय.