पहिल्या संग्रहातील माहेर : बहिणाबाई चौधरी यांच्या गीतांचा पुनर्विचार

प्रस्तावना :
एखादी तरुण गायिका-गीतकार बालपणीच्या घरावर आपला पहिला अल्बम रचते, तेव्हा त्यातील 'स्व'ची दखल घेतली जाते. स्वतः रचून गाणाऱ्या ग्रामीण स्त्रीच्या वाट्याला मात्र बहुधा 'लोकगीत' हे निनावी सदरच आले. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे नाव टिकले. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंची गाणी पुत्र सोपानदेव व नातलगांनी उतरवून घेतली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला.

विवेचन :
बहिणाबाईंचे माहेर जळगावजवळील असोदे. परंतु माहेरच्या वाटेवरील गीतात घराच्या वर्णनापेक्षा वाटच महत्त्वाची ठरते. पाय भाजणारा रस्ता मऊ भासतो, ठेच लागली की वाटेवरचा दगडही बोलू लागतो. घर सुटल्यानंतरच्या अंतरातून घर दिसते, म्हणून हे स्मरण भाबडे राहत नाही.

'योगी आणि सासुरवाशीण' या गीतात विचार पुढे जातो. माहेर एवढे प्रिय, तर सासरी का नांदतेस, या योग्याच्या प्रश्नाला सासुरवाशीण आपल्या लेकीच्या माहेराचे कारण देते. एकीचे माहेर दुसरीच्या सासुरवासावर उभे असते, हे सामाजिक सत्य येथे सहज प्रकटते. तथापि हे उत्तर व्यवस्थेला प्रश्न विचारीत नाही. दुःखाला अर्थ देऊन थांबते. ही या गीताची मर्यादा होय. केवळ गौरवपर समीक्षेत ती झाकली जाते.

पुढे यशवंत देव यांच्या संगीतात उत्तरा केळकर यांनी ही गाणी गायिली व ती घरोघरी पोहोचली. मात्र सुगम संगीताच्या सफाईत बोलीचा खडबडीत उच्चार व कामाची लय काहीशी मागे पडते.

निष्कर्ष :
बहिणाबाईंचे नाव प्रतिभेइतकेच लेखणी धरणाऱ्या मुलामुळे उरले. हेमा राईरकर व गी पॉटवाँ यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांसह अनेक गायिकांची नावे त्यात नोंदविलेली आहेत. लातूर-नांदेड परिसरातील महाविद्यालयांनीही ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव व चाल नोंदविणे अगत्याचे आहे. अन्यथा येथील कित्येक 'पहिले संग्रह' जात्याबरोबरच अडगळीत जातील.