फडताळ, मांडणी आणि साइडबोर्ड : एक सांस्कृतिक चिकित्सा

प्रस्तावना :
फर्निचरचा इतिहास बहुधा शैलींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत लेखात साइडबोर्डचा विचार वापराच्या अंगाने केला आहे. या वस्तूचे आकर्षण का टिकले, याचा उलगडा जुन्या नाशिकमधील वाड्यांतील फडताळ व मांडणी यांच्याशी तुलना करून अधिक स्पष्ट होतो.

विवेचन :
मध्ययुगीन युरोपात भोजनाच्या मेजालगतच्या फळ्यांवर चांदीची भांडी मांडली जात. १५ व्या शतकात बर्गंडीच्या दरबारात या फळ्यांची संख्या माणसाच्या दर्जावर ठरे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडमने या मेजाच्या दोन्ही बाजूंस कलशधारी कपाटे योजिली. त्यांत ताटे गरम ठेवण्याचीही सोय असे. जॉर्ज हेपलव्हाइटच्या निधनानंतर, १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नमुनासंग्रहात मेज व खण एकाच वस्तूत एकवटलेले दिसतात. झाकणे आणि दाखवणे यांचा हा मेळ हेच साइडबोर्डचे मर्म होय.

मराठी घराने ही दोन कामे वेगळी ठेवली. जाड भिंतीत बसविलेले फडताळ झाकत असे, तर स्वयंपाकघरातील मांडणी दाखवत असे. मांडणीवरील तांब्या-पितळेचे डबे, घंगाळी व पातेली सणावारी खाली उतरत आणि घासूनपुसून पुन्हा जागेवर जात. नाशिकच्या भांडी बाजाराची कीर्ती अशाच घरांवर पोसली गेली. पाटावर बसून जेवण्याच्या आणि सोवळ्याच्या रीतीमुळे जेवणाच्या मेजाला स्वयंपाकघरात सहजासहजी जागा नव्हती. साहजिकच साइडबोर्डचा वारसा आपल्याकडे दिवाणखान्यात, ‘शोकेस’च्या रूपाने स्थिरावला. तेथे दाखवणे उरले, वापर सुटला. काचेमागील कपबशी पाहुण्यांसाठी राखली जाते आणि पाहुणे आले तरी अनेकदा बाहेर निघत नाही.

तथापि, मांडणीचा निव्वळ गौरव करणे हे स्मरणरंजन ठरेल. त्या झळाळीमागे चिंच व राख घेऊन तासन्‌तास राबणारे स्त्रियांचे हात होते. कल्हई करून घेण्याची आठवणही बहुधा त्यांनाच ठेवावी लागे. स्टेनलेस स्टीलने हे श्रम हलके केले. त्याला सांस्कृतिक ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल.

निष्कर्ष :
साइडबोर्ड उचलून दुसऱ्या घरी नेता येतो, भिंतीतील फडताळ नेता येत नाही. वाडा पाडला की त्याची दारे जुन्या लाकडाच्या भावाने जातात, तर पितळ मोडीत वजनावर निघते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थेत घरगुती वस्तूंचे रूप जतन होते. मात्र कोणत्या फळीवर काय ठेवले जाई आणि ते कोण घासत असे, हे घरातल्या वृद्ध स्त्रियाच सांगू शकतात. मराठी, इतिहास व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन, वाडे उभे असतानाच ही नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेणे निकडीचे आहे. अन्यथा मांडणी तेवढी शिल्लक राहील आणि तिच्यामागचे घर हरवलेले असेल.