घर एक, चुली दोन: प्रश्नावलीतल्या ‘हाऊस’चं काय करायचं?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका टोल्यावर मी माझी प्रश्नावली पहिल्यांदा तपासून बघायला गेले होते. तिसऱ्याच प्रश्नाला गाडी अडली. “तुमच्या घरात किती माणसं आहेत?” सपरीत बसलेल्या आजींनी बोटांवर मोजून अकरा सांगितली, मी अकरा लिहिली. पुढे रेशनचं विचारताना कळलं, की धाकटा मुलगा बायको-पोरांसह मागच्या खोलीत वेगळं शिजवतो. मी गोंधळून विचारलं, “म्हणजे घरं दोन?” आजी म्हणाल्या, “घर त एकच आहे जी. चुली दोन झाल्या.”

आजींचं उत्तर बरोबर होतं, माझा प्रश्न चुकला होता. तुमच्यापैकी बरेच जण उद्या इंग्रजी प्रश्नावल्या मराठीत आणणार आहात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

इंग्रजीतला ‘हाऊस’ हा शब्द बारा गावचं पाणी प्यायलेला आहे. राहायची इमारत, राजघराणं, संसदेचं सभागृह, प्रकाशनसंस्था, शाळेतले लाल-निळे गट, नाट्यगृहातली गर्दी (‘हाऊसफुल्ल’ तर आता मराठीच झालाय). पण हे अर्थ एकमेकांपासून इतके लांब आहेत, की संदर्भावरून कुणालाही कळतात. घात करतात ते शेजारशेजारचे अर्थ: बिल्डिंग, सेन्सस हाऊस, हाऊसहोल्ड आणि होम. हे चारही इंग्रजीत वेगळे आहेत, आणि चौघांनाही आपण बिनदिक्कत ‘घर’ लिहून मोकळे होतो.

जनगणनेच्या व्याख्या एकदा नीट वाचा. २०११ च्या जनगणनेत ‘सेन्सस हाऊस’ म्हणजे रस्त्यावरून, सामायिक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतःचं वेगळं मुख्य दार असलेली इमारत, किंवा तिचा तसा भाग. तिथे कुणी राहायलाच हवं असं नाही. देऊळ, दुकान, गोंदियातली राईस मिल, सगळी या हिशेबाने ‘हाऊस’च. ‘हाऊसहोल्ड’ म्हणजे सहसा एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. कामानिमित्त एखाद्याला बाहेर जेवावं लागलं तर त्याची सूट आहे. नातं असलंच पाहिजे ही अट नाही. आश्रमशाळेच्या वसतिगृहातली मुलं एकमेकांची कुणी नसली, तरी ते एक ‘संस्थात्मक’ हाऊसहोल्ड होतं.

आता गंमत बघा. दाराने मोजायचं ते आपल्याकडे ‘उंबरा’ म्हणून आधीपासून आहे. ‘शंभर उंबऱ्यांचं गाव’ असं आपण म्हणतोच. आणि स्वयंपाकाने मोजायची ती ‘चूल’. भाऊ वेगळे झाले की ‘वेगळी चूल मांडली’ म्हणतात, वेगळं घर बांधलेलं नसलं तरीही. म्हणजे जनगणनेची व्याख्या चांगली आहे, आणि ती मांडायला मराठीही पुरेशी आहे. आपण मात्र दोन नेमके शब्द सोडून एक ढगळ शब्द उचलतो. ‘हाऊसहोल्ड’साठी ‘कुटुंब’ लिहिलं तरी सुटका नाही. कुटुंब म्हटलं की माणूस लग्न होऊन गेलेल्या लेकीपर्यंत पोचतो, आणि जुन्या पिढीत तर ‘आमचं कुटुंब’ म्हणजे चक्क बायको!

हा शब्दांचा खेळ वाटत असेल तर घरकुलाच्या याद्या आठवा. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) साठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेचा आधार घेतला गेला. बेघर, मग शून्य, एक आणि दोन कच्च्या खोल्यांची हाऊसहोल्ड, असा क्रम. हाताने घडवलेले कवेलूही कच्च्यातच धरलेले. समजा मातीच्या तीन खोल्या आहेत आणि चुली दोन. प्रगणकाने ‘घर एक’ लिहिलं तर खोल्या तीन, सगळेच यादीबाहेर. चुली मोजल्या तर एकाच्या दोन खोल्या, दुसऱ्याची एक, दोघेही यादीत. भिंती त्याच, माणसं तीच.

दुसरं उदाहरण मला जास्त छळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारतात, की हे किंवा दुसरं एखादं घर एकटीच्या वा सामायिक मालकीचं आहे का. २०१९–२१ च्या फेरीत देशभरात घर किंवा जमीन किंवा दोन्ही एकटीच्या वा सामायिक मालकीची असल्याचं ४३.३ टक्के बायकांनी सांगितलं. पण “हे घर तुमचं आहे का?” असं मराठीत विचारलं, तर तीस वर्षं ते सारवणारी बाई ‘नाही’ कशी म्हणेल? ती ‘होम’बद्दल बोलतेय, तक्त्यात मात्र मालमत्ता चढते. आजींना मी नंतर “ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर कोणाचं नाव?” असं विचारलं. तिथे पतीबरोबर पत्नीचंही नाव लावावं असा शासन निर्णय २००३ चा आहे. आजी हसल्या, “बुढ्याचं. आता तो नाही, पन नाव त्याचंच हाये.”

तुमचे मार्गदर्शक म्हणतील, उलट भाषांतर करून घ्या, म्हणजे मराठी प्रश्न दुसऱ्या कुणाकडून पुन्हा इंग्रजीत आणा आणि मूळाशी ताडून पाहा. जरूर करा. पण इथे ती युक्ती साफ फसते. ‘घर’चं कुणीही ‘हाऊस’ करणार, दोन्ही इंग्रजी मजकूर तंतोतंत जुळणार, आणि समिती प्रश्नावली मंजूर करणार. चूक कागदावर दिसतच नाही, ती सपरीत दिसते. म्हणून पन्नास फॉर्म छापण्याआधी चार ठिकाणी बसा आणि उत्तर मिळाल्यावर “कोणाकोणाला धरलंत?” एवढं विचारा.

माझ्या प्रश्नावलीत आता ‘घर’ हा शब्द एकदाच येतो, ‘घरी कोण आहे?’ अशी हाक मारताना. पुढे दारं किती, चुली किती, कोण कोणत्या चुलीवरचं जेवतं, असे सुटे प्रश्न आहेत. धानाची कापणी झाली की मजुरीसाठी नागपूर-हैदराबादकडे जाणाऱ्यांसाठी वेगळा रकाना केलाय. ते चार महिने तिकडच्या चुलीवर जेवतात, आणि आजींच्या अकरामध्येही असतात.